'मुलगी कुठे दिली?' : सक्तीची लग्नं, आंतरराष्ट्रीय करार आणि मागे पडलेल्या दोन गोष्टी

दुभाषी

पोटापाण्यासाठी मी इंग्रजी कागद मराठीत करते. बहुतेक वेळा औषधांच्या पुड्यांतली पत्रकं, बँकांच्या अटी, असलं काहीबाही. या महिन्यात मात्र एका संस्थेचं काम आलं. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात वाटायला लग्नाच्या वयासंबंधीचे संयुक्त राष्ट्रांचे करार सोप्या मराठीत हवेत. दुसऱ्याच पानावर अडले, म्हणून हा धागा.

१९५६ चा एक करार आहे, गुलामगिरीसारख्या प्रथा बंद करण्याचा. भारताने १९६० मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात कर्जापायी होणारी वेठबिगारी आणि जमिनीला बांधलेली कुळं यांच्या पंगतीला लग्नही बसवलंय. बाईला नाही म्हणायचा हक्क नसताना, आईबापांनी किंवा घरच्यांनी पैसे वा वस्तू घेऊन तिचं लग्न ठरवणं किंवा तिला लग्नात 'देणं' ही गुलामगिरीसारखी प्रथा. या 'देण्या'साठी मला शब्द शोधावाच लागला नाही. थोरली नगरला दिली, धाकटी इथंच जवळ दिली, हे आपण चहा पिता पिता बोलतो. उजवली, खपवली, हात पिवळे केले, एकदाचं उरकलं. मुलगी कर्त्याच्या जागी असलेलं वाक्य म्हणजे 'तिनं लग्न केलं'. ते म्हणताना आवाज जरा उतरतो आणि ऐकणारा विचारतो, 'पळून?'

पुढचा कागद १९६२ चा. त्याच्या नावातच तीन गोष्टी आहेत: लग्नाला संमती, लग्नाचं किमान वय आणि लग्नाची नोंदणी. गंमत म्हणजे किमान वय किती, हे त्या करारात लिहिलेलंच नाही. ते ज्या त्या देशाने ठरवायचं. १९६५ मध्ये आमसभेने शिफारस केली तीही पंधराच्या खाली नको, एवढीच. त्यानंतरच्या साठ वर्षांत जगाचं सगळं भांडण वयाच्या आकड्यावर झालं. तो अठरापर्यंत आला, चांगलंच झालं. पण उरलेल्या दोन गोष्टींचं काय? भारत या कराराचा सदस्य नाही. १९७९ चा स्त्रियांविषयीचा करार (तोच तो, सीडॉ) भारताने १९९३ मध्ये मान्य केला, पण सोबत एक निवेदन जोडून. लग्नाची सक्तीची नोंदणी तत्त्व म्हणून पूर्ण मान्य, पण इतक्या मोठ्या देशात, इतक्या चालीरीती, धर्म आणि साक्षरतेची ही पातळी पाहता व्यवहार्य नाही. हे निवेदन मी तीनदा वाचलं.

माझं मत सांगते, मग भांडा. जिथे जन्माची नोंद पक्की नाही आणि लग्नाची नोंद कुणी मागत नाही, तिथे अठरा हा आकडा हवेत लटकतो. आणि मुलीला विचारायचं कुणी, हे त्याच्याही आधीचं.

---

जीर्णपान

धागा आवडला. एक पुरवणी. हा विषय 'आंतरराष्ट्रीय' संयुक्त राष्ट्रांमुळे झाला नाही, मुंबईच्या एका मुलीमुळे झाला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये त्या नवऱ्याने, दादाजीने, मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने, पिन्हे यांनी, तिच्या बाजूने निकाल दिला. पण १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने फर्मावलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. लंडनच्या वर्तमानपत्रांत यावर रकाने भरले. समाजसुधारक बेहरामजी मलबारी इंग्लंडात जाऊन प्रचार करून आले. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि शरीरसंबंधाला संमतीचं वय दहाचं बारा झालं.

गोम अशी की रखमाबाईचा मुद्दा 'माझी संमती नव्हती' हा होता. कायद्यात आला तो वयाचा आकडा. म्हणजे दुभाषीताई म्हणतात ती चूक १९६२ ची नाही, १८९१ ची आहे.

---

उलटतपासणी

नेहमीप्रमाणे गोऱ्यांचे करार आले की आपण मान खाली घालायची. त्याच १८९१ मध्ये टिळकांनी विचारलं होतं की परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावं. तो प्रश्न आजही शिळा नाही. १९६२ च्या करारावर अमेरिकेने पहिल्याच दिवशी सही ठोकली आणि मान्यता आजतागायत दिलेली नाही. सीडॉ त्यांना मान्य नाही, बालहक्क करार मान्य नाही. अठराच्या आत कोणत्याही सबबीवर लग्न नाही, असं म्हणणारं त्यांचं पहिलं राज्य डेलावेअर, तेही २०१८ मध्ये. आपल्याकडे मुलीचं वय १९७८ पासून अठरा आहे. कुणी कुणाला शिकवायचं?

आणि ताई, १९५६ च्या व्याख्येत पैसे घेणारे मुलीचे आईबाप आहेत. ते देज झालं. आपल्याकडे बाप पैसे घेत नाही, देतो. व्याख्या आपल्याला लागूच होत नाही.

---

वैतागवाडी

म्हणजे विकलं तर गुलामगिरी आणि वर पैसे देऊन पाठवलं तर संस्कार. समजलं.

---

दुभाषी

उलटतपासणी, व्याख्येबद्दल तुमचं बरोबर आहे, मूळ मजकुरात 'पैसे घेऊन' आहे. तरी देज आपल्याकडे अजिबात नाही, असं म्हणू नका. अमेरिकेबद्दलही मान्य. पण टिळकांचा प्रश्न 'परक्या सरकारने का' हा होता. १९९३ चं निवेदन आपल्याच सरकारचं आहे.

---

गोदाकाठ

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. मराठवाड्यात एकतीस वर्षं. आपल्या राज्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे गावात ग्रामसेवकच, त्यामुळे तुमचे न्यूयॉर्कचे कागद शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडायचे. दोन गोष्टी सांगतो.

एक, वय. आमच्या भागात शाळेच्या दाखल्यांवर निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं. मास्तर पोरगं उंचीनं बघायचे, वर्गात बसवायचे आणि तारीख टाकायचे १ जून. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, दाखले मिळतात, पण मी काम सुरू केलं तेव्हा मुलीचं वय म्हणजे मास्तरांचा अंदाज. लग्न थांबवायला गेलं की बाप आधार काढायचा, मामा टीसी काढायचा, दोन्हींत दीड वर्षाचं अंतर.

दोन, लग्नाची नावं. एकदा १०९८ वरून (मुलांसाठीची हेल्पलाइन) निरोप आला की अमुक वस्तीवर आज लग्न आहे. पोलीस येईपर्यंत मी मोटारसायकलवर पोचलो. मांडव नाही, वाजंत्री नाही. शेताच्या कडेला ताडपत्री आणि चुलीवर मोठं भगुनं. बाप म्हणाला, 'साहेब, साखरपुडा हाय नुसता. जेवून जा.' मुलगी आत बसलेली. हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत, पावलांवर ओली हळद. साखरपुड्याला पावलांना हळद लागत नाही. मी पंचनामा लिहायला घेतला तेव्हा एक म्हातारी येऊन माझ्या देखत त्या पोरीचे पाय पदरानं पुसायला लागली.

लग्न थांबलं. बापाकडून हमीपत्र घेतलं की अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही. पंधरा दिवसांनी ते घर उसाला गेलं. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता, उचल (आगाऊ पैसे) कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता धरतो. पोराचं लग्न झालं की घरात कोयता वाढतो. आणि मुलगी मागं गावात एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? मार्चमध्ये टोळी परत आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. लग्न कुठल्या जिल्ह्यात लागलं, कुणी सांगेना. हमीपत्र माझ्या फायलीत होतं, व्यवस्थित पंच करून.

---

शेंगदाणा

काका, नि:शब्द.

---

काळा कोट

वकिलीच्या बाजूने. सीडॉच्या सोळाव्या कलमात दोन शब्द आहेत: बालकाचा वाङ्निश्चय आणि विवाह, दोन्हींना कायदेशीर परिणाम नसेल. गोदाकाठकाकांचा तो 'नुसता साखरपुडा' करार लिहिणाऱ्यांना ठाऊक होता. आपल्या २००६ च्या कायद्यात साखरपुड्याचा उल्लेख नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच सीडॉकडे बोट दाखवून सांगितलं की लहानपणी लग्न ठरवून ठेवण्यावरही बंदीचा विचार संसदेने करावा.

दुसरं, आपल्याकडे बालविवाह आपोआप रद्द नाही. तो रद्द करून घेता येतो. तेही त्या मुलामुलीने कोर्टात जाऊन, सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पुरी व्हायच्या आधी. (पळवून नेऊन, जबरदस्तीने, विक्रीसाठी असेल तर मुळातच शून्य.) कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून सरसकट शून्य केला. ऐकायला छान वाटतं. पण पदरात मूल असलेल्या मुलीला उद्या सांगितलं की तुझं लग्न झालंच नव्हतं, तर पोटगी, वारसा यांचे प्रश्न उभे राहतात. म्हणून मी 'रद्द करता येण्याजोगा'च्या बाजूचा आहे. मात्र दोन वर्षांची मुदत वाढवा. विशीतली मुलगी सासरी असते, वकील तिला माहीत नसतो.

तिसरं, हे अप्रिय आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत बालविवाहाचा आणि पोक्सोचा (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा) कायदा बरेचदा आईबापच वापरतात. सतरा वर्षांची मुलगी परजातीतल्या मुलाबरोबर गेली की वयाची आठवण होते. तीच मुलगी मामाच्या मुलाला द्यायची असती तर कुणी जन्मदाखला काढला नसता.

---

लेस्टरची लेक

इथे इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते. काळा कोट यांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१, आणि इथला अनुभव.

जुलैत उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी आम्हा शिक्षकांना एक सत्र असतं. सुट्टीत 'आजी आजारी आहे' म्हणून मुलगी गावी जाते आणि सप्टेंबरात परत येत नाही, अशा मुली ओळखायच्या कशा. पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय, सोमाली, सगळ्या घरांतल्या. 'कर्मा निर्वाणा' नावाची संस्था मुलींना एक युक्ती सांगायची: विमानतळावर अंतर्वस्त्रात चमचा लपवा. धातूशोधक वाजतो, तपासणीला एकटीला बाजूला घेतात, घरचे जवळ नसतात, तेव्हा बोला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन ड्रॉवरमधल्या चमच्यांकडे बघत उभी राहिले होते.

इथे कायदा टप्प्याटप्प्याने आला. २००५ मध्ये सक्तीच्या लग्नांसाठी वेगळा सरकारी कक्ष. २००७ च्या कायद्याने दिवाणी संरक्षण: कोर्ट पासपोर्ट जमा करायला लावू शकतं, मुलीला परत आणा म्हणू शकतं. सक्ती हा फौजदारी गुन्हा झाला तो २०१४ मध्ये. त्या वेळी खूप वाद झाला, कारण आईबाप तुरुंगात जाणार म्हटल्यावर मुली तोंड उघडणार नाहीत, अशी भीती होती. माझ्या वर्गातल्या एकीने मला हेच विचारलं होतं: 'मिस, पप्पांना पकडतील का?' मी हो-नाही काहीच म्हणू शकले नाही.

आणि उलटतपासणी, खूश व्हा. इंग्लंड-वेल्समध्ये आईबापांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न चालत होतं, ते बंद झालं फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे २०१४ मध्ये लंडनला मोठी परिषद भरवून जगाला बालविवाह थांबवा सांगत होते, तेव्हा स्वतःच्या घरी सोळा होतं. पण नव्या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर सक्ती सिद्ध करावी लागत नाही, आणि नोंदणी नसलेला नुसता धार्मिक विधीही त्यात धरतात. पोरीला कोर्टात आईविरुद्ध 'मला धमकावलं' म्हणावं लागत नाही.

---

उलटतपासणी

खूश झालो. :) आणि चमच्याचं वाचून थांबलोही. तरी परिषदांबद्दलचं मत तेच. त्याच लंडनच्या परिषदेत बांगलादेशच्या पंतप्रधानांनी वचन दिलं की २०२१ पर्यंत पंधराच्या आतली लग्नं संपवू आणि २०४१ पर्यंत सगळी. २०१७ मध्ये नवा कायदा केला, त्यात 'विशेष परिस्थितीत' कोर्टाच्या आणि पालकांच्या परवानगीने अठराच्या आतही चालेल असं कलम घातलं, आणि त्याला खालची वयोमर्यादाच नाही.

---

भटका

कामानिमित्त आफ्रिकेत, मलावीत सहा वर्षं होतो, ब्लँटायरला. तिथलं सांगतो, कारण परिषदेपेक्षा वेगळं आहे.

डेड्झा जिल्ह्यात टेरेसा काचिंदामोटो नावाच्या बाई पारंपरिक प्रमुख झाल्या. आपल्याकडच्या जुन्या देशमुखीसारखं काहीतरी समजा, हाताखाली पन्नासेक गावप्रमुख. त्याआधी त्या एका कॉलेजात सेक्रेटरी होत्या, सत्तावीस वर्षं. गावात फिरताना बारा-तेरा वर्षांच्या मुली कडेवर पोर घेऊन दिसल्या. त्यांनी हाताखालच्या प्रमुखांकडून लेखी घेतलं की आपल्या हद्दीत बालविवाह होऊ देणार नाही, झालेले मोडू. ज्यांनी होऊ दिले त्यांना पदावरून काढलं, लग्न मोडल्याची खात्री पटल्यावर परत घेतलं. अशी आठशेच्या वर लग्नं मोडली आणि मुली शाळेत पाठवल्या.

याचा कागदाशी संबंध असा. त्या वेळी मलावीच्या राज्यघटनेतच पंधरा ते अठराच्या मुलींना पालकांच्या संमतीने लग्नाची मुभा होती. आफ्रिकेचा स्वतःचा बालहक्कांचा जाहीरनामा १९९० चा, त्यात अठरा स्पष्ट लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात 'लग्न' हा शब्दच नाही, आफ्रिकेने तो घातला. तेव्हा हे गोऱ्यांचं खूळ आहे, हे तिथे कुणाला पटणार नाही. मलावीने घटना दुरुस्त केली २०१७ मध्ये. बाईंचं काम आधी, घटना मागून. २०१३ मध्ये मानवी हक्क परिषदेत या विषयावरचा पहिला ठराव आणण्यातही पुढाकार सिएरा लिओनचा होता. शंभरावर देश सहप्रस्तावक, भारत त्यात नव्हता. सिएरा लिओनने स्वतःचा कडक कायदा करायला मात्र २०२४ उजाडलं.

---

पणजीकार

दुभाषीताई, त्या निवेदनातल्या 'व्यवहार्य नाही' शब्दांवर. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून नोंदणी आहेच, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना. आधी निबंधकाकडे जाऊन दोघांनी लग्नाचा इरादा नोंदवायचा, मग ठरावीक मुदतीनंतर पुन्हा जाऊन सही. लोक सरळ 'पहिली सही झाली, दुसरी राहिली' असं बोलतात. माझ्या आजीचीही सही आहे, तिला नावापलीकडे लिहिता येत नव्हतं. १९९३ मध्ये दिल्लीने संयुक्त राष्ट्रांना 'आमच्याकडे जमणार नाही' कळवलं तेव्हा देशाचं एक राज्य ते करत होतं.

---

काळा कोट

पणजीकार, फार मोलाचं. पण जपून. गोव्यात बालविवाह कमी आहेत ते सहीमुळे की शिक्षणामुळे, हे वेगळं काढणं सोपं नाही. केरळात पोर्तुगीज कायदा नव्हता, तिथेही कमीच आहेत. महाराष्ट्रात १९९८ चा नोंदणीचा कायदा आहे, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सक्तीची नोंदणी करा सांगितलं. तरी एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी) मध्ये महाराष्ट्रात विशीतल्या पहिल्या पाच वर्षांतल्या दर शंभर बायकांत बावीस अठराच्या आत लग्न झालेल्या. परभणी, बीडचे आकडे चाळिसाच्या वर.

---

गोदाकाठ

नोंदणी आमच्याकडे लग्नानंतर होते, साहेब. पासपोर्टला, नाहीतर कुठल्या योजनेला लागली तर. गोव्याची आधी होते. एवढाच फरक आहे आणि तो लहान नाही. आधी सही करायला दोघांना माझ्यासमोर यावं लागलं असतं, तर मी निदान तिचं तोंड बघितलं असतं, पावलं नव्हे.

---

वैतागवाडी

मधल्या काळात मुलीचं वय एकवीस करायचं चाललं होतं ना?

---

काळा कोट

डिसेंबर २०२१ चं विधेयक. समितीकडे गेलं, २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. माझ्या मते बरं झालं. अठराच पाळता येत नाही तिथे एकवीस केलं की वीस वर्षांची, स्वतःच्या मर्जीने लग्न करणारी मुलगीही 'बालविवाहा'त येते. आणि नुसत्या अटकेने काय होतं ते आसामने २०२३ मध्ये दाखवलं. एका फेब्रुवारीत हजारो पुरुष पकडले, जुन्या लग्नांसाठीसुद्धा. मग गरोदर मुली दवाखान्यात जायला घाबरल्या.

---

शेंगदाणा

मग जगभरात फरक पडतोय की नाही? एवढे ठराव, एवढी लक्ष्यं.

---

भटका

पडतोय, पण मुंगीच्या पावलाने. युनिसेफचा २०२३ चा हिशोब: दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्नं अठराच्या आत. २०३० पर्यंत संपवू हे जगाने २०१५ मध्ये ठरवलं. आत्ताच्या वेगाने संपायला तीनशे वर्षं लागतील म्हणतात. यातला चांगला भाग बराचसा भारताचा आहे. २००५-०६ मध्ये आपल्याकडे शंभरात सत्तेचाळीस होत्या, २०१९-२१ मध्ये तेवीस. करारामुळे झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या आईच्या गावात दहावीपर्यंत शाळा आणि एसटी एकाच वर्षी आली, त्यानंतर लग्नाचं वय दोन-तीन वर्षांनी सरकलं.

---

लेस्टरची लेक

गोदाकाठकाका, ती मुलगी पुढे कुठे आहे?

---

गोदाकाठ

तीन वर्षांनी ग्रामपंचायतीत आली होती, मुलाच्या जन्माच्या दाखल्यासाठी. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. म्हणाली, 'दाखल्यावर तारीख नीट टाका, जूनची नको.' मूल डिसेंबरातलं होतं.

---

दुभाषी

उद्या सकाळी फाइल द्यायची आहे. सगळ्यांचे आभार, पणजीकारांच्या दोन सह्या प्रशिक्षणाच्या चिठ्ठीत उदाहरण म्हणून घालते आहे. 'दिली' हा शब्द तसाच ठेवलाय. संस्थेच्या संपादिकेने 'विवाहबद्ध करून दिली' असं सुचवलं होतं, मी ऐकलं नाही. आता एकच अडलंय: त्या पहिल्या करारातल्या जमिनीला बांधलेल्या कुळांसाठी कुणाकडे एकच शब्द आहे का? रात्री बारापर्यंत सांगा.

---

काळा कोट

पुस्तकी मराठीत 'भूदासत्व'. पण सेविकांना 'वेठ' लवकर कळेल.

---

दुभाषी

वेठच लिहिते.